तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

दूधविनायक, वाराणसी
१४ जानेवारी २०२५

चि. विशू,

आज संक्रांत. गोड बोल असं मी म्हणणार नाही. तू नुसतं बोललास तरी पुष्कळ आहे.

हे पत्र मी हाताने लिहितेय आणि ईशानी त्याचे फोटो काढून तुला ई-मेलने पाठवणार आहे. टाइप करून द्यायला ती तयार होती, पण मग माझी लेक सगळं वाचत बसली असती. फोटो काढतानाही वाचेल म्हणा, पण माझं अक्षर तिला लागत नाही, तेवढाच आडपडदा.

मुद्द्यावर येते. ईशानीला इंटरनेटवर तुझा फोटो सापडला. तिकडच्या तुमच्या डायोसीजच्या, म्हणजे धर्मप्रांताच्या, वेबसाइटवर. कॉलर घातलेला, केस मागे सरकलेले, गालावर आईची खळी तशीच. शेजारी आणखी दोन पाद्र्यांचे फोटो, आणि वर लिहिलंय की या तिघांतून नवा बिशप निवडायचा आहे. निवडणुकीने! मी दोनदा वाचलं. पाद्री लोक निवडणुकीला उभे राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, वरून कुठूनतरी हुकूम येतो, सरकारी बदलीसारखा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसते प्रश्न आहेत. तुम्ही प्रचार करता का? पोस्टरं लागतात? हरलेला पाद्री दुसऱ्या दिवसापासून जिंकलेल्याच्या हाताखाली निमूट काम करतो की तोंड फुगवून बसतो? बिशपला एक उंच काठी मिळते म्हणे, ती घरी नेता येते की चर्चमध्येच ठेवायची? हसू नकोस. उभी हयात मुलींना भूगोल शिकवण्यात गेली, न विचारता गप्प बसणं मला जमत नाही.

आबांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

गंमत म्हणजे इकडे आपल्याकडेही असंच काहीतरी चाललंय. संकठा घाटावरच्या पाठशाळेचे मुख्य आचार्य कार्तिकात वारले. रविवारी काशीनाथभाऊ आले. ते आता पाठशाळेच्या सभेचे मंत्री, म्हणजे चिटणीस, आहेत. हातात ताट, ताटात सुपारी. "शास्त्रीजी," म्हणाले, "सबकी इच्छा आहे, ते आसन आता तुम्हीच सम्हाळा." आबा म्हणाले, "माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत." काशीनाथभाऊंनी ताट उचललं, चहा घेतला आणि खुशीत घरी गेले. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तुला आठवतच असेल. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा सुपारी उचलायची. आधी उचलणारा हावरा ठरतो. आणि स्वतःहून मागणाऱ्याला तर या गल्लीत कोणी पाटावर बसवणार नाही.

ते आसन आबांचंच होतं, हेही तुला आठवत असेल. तू बाप्तिस्मा घेतल्याचं तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडलं. सोडा असं कोणी म्हटलेलं नव्हतं. ज्याचा मुलगा ऐकायला राहिला नाही त्याने इतरांच्या मुलांना काय शिकवायचं, एवढंच बोलले, आणि त्यानंतर आजवर तुझ्याबद्दल काही बोललेले नाहीत.

विशू, मी स्पष्टच लिहिते. आबांनी ऐंशी कधीच ओलांडली. मला तुम्हा दोघांना एका खोलीत बसलेलं बघायचं आहे, एकदाच. आई गेली तेव्हा तेराव्याला तू आलास, गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याजवळ उभा राहिलास. वर खिडकीत आबा उभे होते. त्यांनी तुला पाहिलं, तू त्यांना पाहिलंस. तू वाट बघत होतास की ते बोलावतील, ते वाट बघत होते की तू चढून येशील. मी आत बायकांच्या गराड्यात. बाहेर आले तर तू कॅन्ट स्टेशनजवळच्या हॉटेलात परत गेलेला आणि आबा खिडकी लावून घेत होते. तेव्हाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, दोघांवरचाही.

आणि आता तू बिशप झालास तर तुला सवड कुठली मिळणार? म्हणून विचारते, आधी एकदा येऊन जातोस का?

तुझी
ताई

---

दूधविनायक
१९ फेब्रुवारी

चि. विशू,

तुझं उत्तर आलं. येण्याबद्दल एक अक्षर नाही, पण काठी घरी नेता येते हे कळलं. चला, काहीतरी कळलं.

बाकीचं मी कागदावर मांडून समजावून घेतलं. पाद्र्यांची मतं वेगळी मोजतात आणि साध्या मंडळींची वेगळी, आणि एकाच फेरीत दोन्हींकडे अर्ध्याहून जास्त मिळाली तरच माणूस निवडून येतो, नाहीतर पुन्हा फेरी. हे मला फार आवडलं. नुसत्या पंडितांना आवडून भागत नाही आणि नुसत्या यजमानांना आवडूनही भागत नाही. आपल्याकडे असं असतं तर निम्म्या मठांचे महंत घरी बसले असते.

तू लिहितोस, "ताई, ही निवडणूक नाही, डिसर्नमेंट आहे. आपण पद मागत नाही, देवाची इच्छा काय आहे ते सगळ्यांनी मिळून ओळखायचं." मी हे आबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग मतं कशाला मोजतात?"

हो, आबांना सांगितलं. सांगणार नाही म्हणाले होते, पण घर केवढं ते तुला माहीत आहे. कुंभाची गर्दी प्रयागहून इकडे लोटली आहे, पंचगंगा घाटापर्यंत गल्ल्या माणसांनी तुंबल्या आहेत, आठवडाभर कोणी घराबाहेर पडलेलं नाही. अशा वेळी ईशानी दुपारी मोठ्या आवाजात तुमचे व्हिडिओ लावणार आणि आबा पलीकडे बसलेले. ते पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता, पान काही उलटत नव्हतं.

ते व्हिडिओ म्हणजे तुमचं ते वॉकअबाउट. उमेदवारांना गावोगाव हिंडवायचं, चर्चच्या हॉलमध्ये बसवायचं आणि लोकांनी प्रश्न विचारायचे. मला तर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाची आठवण झाली, फक्त पोहे तुम्हालाच मिळतात. तुमच्यातल्या त्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई मला भलत्याच आवडल्या. विचारलेल्याचं उत्तर देतात, हसतात ते मनापासून, आणि येत नसेल तर येत नाही म्हणतात. मला मत असतं तर मी त्यांनाच दिलं असतं, राग मानू नकोस. तो तिसरा मात्र हॉलमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत हात मिळवत असतो.

पहिल्या सभेत एकाने तुला विचारलं, प्रार्थना कोणाकडून शिकलात? तू म्हणालास, वडिलांकडून, ते पहाटे गंगेच्या थंड पाण्यात उभं करून पाठ म्हणून घेत. इकडे पेपर खाली आला.

"पाण्यात कधी उभं केलं मी? पायरीवर बसवत होतो. घोंगडी देऊन," आबा म्हणाले.

"आबा, मामा थोडं बढाचढा के सांगतोय, पब्लिकसाठी," ईशानी म्हणाली.

"पब्लिकसाठी कशाला? खरंच सांगायचं. घोंगडी त्याच्या आईची होती."

मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि खुर्ची पुढे ओढली. विशू, इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. रडताना मला कोणी बघितलेलं आवडत नाही, हे तुला माहीत आहे.

काशीनाथभाऊ पुन्हा यायचेत. गर्दी ओसरली की येतील, दुसऱ्यांदा विचारायला. आबा तयारीत आहेत, म्हणजे नाही म्हणायच्या.

आणि मीही दुसऱ्यांदा विचारते. येतोस का?

ताई

---

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

विशू,

घाईत लिहितेय. बाहेर डमरू, शंख आणि शंकराच्या वरातीच्या बाजाचा असा गोंधळ आहे की स्वतःचा विचार ऐकू येत नाही. पण शनिवारी तुमचं मतदान आहे आणि उद्या शेवटची सभा, म्हणून थांबता येत नाही.

परवाच्या सभेचा व्हिडिओ काल पाहिला. त्यात कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, तुम्हाला आमचा बिशप का व्हायचं आहे? पांढऱ्या केसांच्या बाईंनी सरळ सांगितलं, मला हे काम येतं, मला हे करायला आवडेल आणि माझ्या मते तुम्हाला माझा उपयोग होईल. तिसऱ्याने भाषण ठोकलं. मग माइक तुझ्याकडे आला. तू म्हणालास, "माझ्या शेजारी माझ्यापेक्षा योग्य माणसं बसली आहेत." आणि नजर खाली घालून थांबलास.

आम्हाला तिघांनाही कळलं तू का थांबलास. तिथल्या एकाला तरी कळलं असेल का?

"बरोबर बोलला," आबा म्हणाले. अगदी समाधानाने म्हणाले, मांडीवर थाप मारून. तू अजून खाली बघत होतास. सभा चालवणारा माणूस दोन क्षण थांबला, थँक्यू म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

"अरे मामा, बोला ना!" ईशानी टीव्हीवर ओरडली.

आबांचा चेहरा मी बघत होते. आधी ते वाट बघत होते. मग मला म्हणाले, "पुन्हा का नाही विचारत कोणी?"

"तिकडे एकदाच विचारतात, आबा."

"एकदाच? मग त्याला सांगितलं नाही कोणी?"

"त्याला माहीत असेल की. इतकी वर्षं तिथेच आहे."

"माहीत असून थांबला?" आबा म्हणाले. ईशानीला त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. मग जेवायला बसले, पण भात तसाच टाकला.

विशू, तुला बाप्तिस्मा घेता आला, मटण खाता आलं, इंग्रजीत प्रवचनं देता आली, आणि एवढी एक सवय सोडता आली नाही? मला हसावं की रडावं कळेना. तू बिशप व्हावास असं मला मनापासून वाटतं असंही नाही, ते मी तुला मागच्याच पत्रात सांगितलंय. पण तू खाली मान घालून बसावंस आणि लोकांनी पुढे निघून जावं, हे मला बघवलं नाही.

उद्या कोणी विचारलं तर उत्तर दे. यात लाज कसली? काम येत असेल तर येतं म्हणावं. मान वर करून, आवाज पोटातून काढून, शेवटचा शब्द न गिळता म्हणावं. हे माझं मत आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

ताई

---

दूधविनायक
५ मार्च

चि. विशू,

तुझी एक ओळ मिळाली. "ताई, झालं नाही. दुसऱ्याच फेरीत त्या निवडून आल्या, चांगल्या आहेत. आबांनी पाहिलं का? काय म्हणाले?"

दुःख झालं का ते लिहिलं नाहीस, म्हणजे झालं असणार. शेवटच्या सभेचा व्हिडिओही आम्ही पाहिला. या खेपेला तू मान वर केलीस, आवाजही पोटातून काढलास. बिशप होऊन तुला काय करावंसं वाटतं ते तू चांगलं सांगितलंस, विशू, मला अभिमान वाटला. पण लोक एकमेकांकडे बघत होते. आधी नको म्हणत होता आणि आता हवं म्हणतोय, याचं नक्की काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. माझंच चुकलं असेल, किंवा ज्याने आवाज पोटातून काढायला सांगितला त्याचं. तू ओळखलंच असशील, तेवढं वाक्य आबांचं होतं. मी लिहीत होते आणि ते मागे उभं राहून सांगत होते, आणि माझं नाव येता कामा नये म्हणत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आबा काय म्हणाले?

रविवारी निकाल कळला. ईशानीने सांगितला. आबांनी विचारलं, "तिसरी फेरी झाली का?" ती म्हणाली, "नाही आबा, दूसरे राउंड में ही फैसला झाला." संध्याकाळी संध्या करून खिडकीत जाऊन उभे राहिले. त्या खिडकीतून गल्लीचं तोंड आणि पानवाल्याचं दुकान दिसतं, दुसरं काही दिसत नाही.

काल काशीनाथभाऊ आले, दुसऱ्यांदा. ताट, सुपारी, तेच वाक्य. "सबकी इच्छा आहे शास्त्रीजी, ते आसन तुम्हीच सम्हाळा." बोलता बोलताच ताट परत उचलायच्या बेतात होते, कारण उत्तर ठरलेलंच होतं. मी चहा गाळत होते.

आबा म्हणाले, "बरं."

काशीनाथभाऊंचा हात ताटावर तसाच राहिला. "जी?"

"बरं म्हणालो. सांभाळतो." आणि सुपारी उचलली.

"पण शास्त्रीजी, अजून एक बार यायचं होतं मला. लोक काय म्हणतील?"

"हावरा म्हणतील. म्हणू दे. मला शिकवायला येतं आणि मला शिकवायचं आहे. उगाच नाही कशाला म्हणू?"

काशीनाथभाऊ इतके गोंधळले की चहा न घेता उठले, मग जिन्यावरून परत आले आणि चहा घेतला. जाता जाता मला हळूच विचारलं, "तबियत तर ठीक आहे ना यांची?" मी म्हटलं, ठीक आहे, बऱ्याच वर्षांनी ठीक आहे.

वैशाखात पाठशाळेत वसंतपूजा आहे, सगळे वैदिक मंडपात जमून वेदांचे पाठ म्हणतात. मुख्य आसनावर आबा बसतील. अजून पाठ म्हणताना त्यांचा आवाज घाटावर ऐकू जातो, तू विसरला नसशील. मी विचारलं, "विशूला कळवू का?" म्हणाले, "कळव." मी म्हटलं, "पण तो आला तर मंडपात बसलेला चालेल का? लोक विचारतील." तर माझ्यावरच डाफरले, "ऐकायला बसणाऱ्याचा धर्म मी कधी विचारला होता?"

मग मी कागद घेऊन बसले आणि म्हटलं, "आबा, मी त्याला दोनदा विचारून झालंय, ये म्हणून. दोन्ही वेळा त्याने उत्तर दिलं नाही. आता तिसऱ्यांदा तुमच्या नावाने लिहू का? म्हणजे रीतीप्रमाणे त्याला नाही म्हणता येणार नाही." मला वाटलं, मी फार हुशारीचं बोलले.

आबा बराच वेळ हातातली सुपारी फिरवत बसले. खाली मान घालून थांबलेला तू त्यांना दिसत होतास की पानवाल्याजवळचा, मला ठाऊक नाही. मग म्हणाले ते जसंच्या तसं लिहितेय, कारण तू विचारलं आहेस आबा काय म्हणाले.

"तुझं विचारणं वेगळं, माझं वेगळं. मी त्याला अजून एकदाही विचारलेलं नाही. म्हणजे हे पहिलंच. आणि माझ्याकडे तीनदा विचारण्याइतकी वर्षं नाहीत. तेव्हा लिही, ये म्हणावं. पहिल्या खेपेलाच हो म्हणावं. आणि आलास की खाली थांबू नको म्हणावं, मी बोलवायची वाट बघू नको. दार उघडं आहे, सरळ वर ये."

पहाटे घाटाच्या पायरीवर बसायला ईशानीने आईची घोंगडी उन्हात टाकली आहे.

तुझी
ताई